माणूस उतरवण्याआधी कारण लिहा

१९८६च्या सप्टेंबरात चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीशेजारच्या छपरावर ग्रॅफाइटचे तुकडे विखुरलेले होते. भट्टीच्या गाभ्यातून स्फोटात उडालेले. ते हटवल्याशिवाय भट्टीवर काँक्रीट-पोलादाचं आवरण घालण्याचं काम पुरं होणार नव्हतं. आधी यंत्रं आणून पाहिली. चंद्रावर लुनोखोद ही गाडी पाठवणाऱ्या सोव्हिएत अभियंत्यांनी घाईघाईने छपरासाठी एक यंत्र बनवून दिलं, एक पश्चिम जर्मनीहून आलं. काहींनी थोडंफार काम केलं. मग कुणी ढिगाऱ्यात अडकलं, कुणाच्या इलेक्ट्रॉनिक्सने किरणोत्सर्गापुढे दम तोडला. त्यानंतर सैनिक पाठवले गेले. अंगावर शिशाचे पत्रे बांधलेले, हातात फावडं. धावत छपरावर यायचं, दोन-चार फावडी माल कडेवरून खाली लोटायचा आणि भोंगा वाजला की परत पळायचं. एकेकाला दोन-तीन मिनिटं, काही ठिकाणी मिनिटभरसुद्धा नाही. तीन हजारांहून जास्त माणसं अशी त्या छपरावर जाऊन आली. त्यांना तिथे बायोरोबो म्हणत.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण त्या काळचं तंत्रज्ञान कसं अपुरं होतं एवढ्यावर थांबतात. अपुरं होतंच. पण त्याआधी सात वर्षं, १९७९ साली, अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या भट्टीचा गाभा अंशतः वितळला होता. तिथल्या तळघरात माणूस जाऊ शकत नव्हता आणि जाऊ शकेल असं यंत्रही कुणाकडे तयार नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम व्हिटेकर यांच्या गटाने बनवलेला रोव्हर त्या तळघरात उतरला तो १९८४ साली. अपघातानंतर अशी यंत्रं लागतात आणि ती अपघातानंतर बनवायला घेतली तर वर्षं जातात, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. तरी १९८६ साली ती नव्हती. २०११ साली जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातही नव्हती. तेच तीनदा घडल्यावर त्याचं खापर यंत्रांवर फोडता येत नाही.

धोक्याच्या, पोचायला अवघड अशा जागी रोबो पाठवायचा की माणूस, हा विचार आज चुकीच्या टोकापासून सुरू होतो असं माझं म्हणणं आहे. रोबो मागणाऱ्याला खर्च पटवून द्यावा लागतो, तो खरंच चालेल का याची हमी द्यावी लागते, मंजुरीसाठी थांबावं लागतं. माणूस पाठवणाऱ्याला काहीच सांगावं लागत नाही, कारण माणूस पाठवणं ही रीतच आहे. हे ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर द्यायला हवं. यंत्र गृहीत धरावं, आणि माणूस आत उतरवायचा असेल तर तो का उतरवतोय, यंत्राने ते का होत नाही, हे कुणीतरी स्वतःच्या नावानिशी आधी लिहून द्यावं.

जिथे माणूस जाऊच शकत नाही तिथे हा वाद उद्भवत नाही. मंगळावर संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, तरी ९० दिवसांच्या मोहिमेसाठी बनवलेली ऑपॉर्च्युनिटी २००४ पासून २०१८ पर्यंत तिथे फिरत राहिली. २००९ साली अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ विमानाचे अवशेष स्वयंचलित पाणबुड्यांनी २०११ मध्ये शोधले आणि सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून त्याचे ब्लॅक बॉक्स दूरनियंत्रित यंत्राने वर आणले. अशा कामांना पैसा मिळतो, कारण दुसरा मार्गच नसतो. खरी कसोटी लागते ती माणूस जाऊ शकतो पण धड परत येण्याची खात्री नसते, अशा जागी. तिथे यंत्राची तुलना थेट माणसाच्या रोजंदारीशी होते.

फुकुशिमाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं तिथे एकत्र दिसतं.

जपान हा रोबो बनवणाऱ्यांमधला अग्रेसर देश. १९९९ साली तोकाईमुरा इथे अणुइंधनाच्या कारखान्यात अपघात झाला, किरणोत्सर्गाने दोन कामगार मेले. त्यानंतर सरकारने पैसे दिले, अणुअपघाताच्या जागी आत जाऊ शकतील असे रोबो बनले, त्यांच्या चाचण्याही झाल्या. आणि मग आपल्या भट्ट्यांमध्ये त्यांची गरज पडणार नाही, असं म्हणून तो कार्यक्रम गुंडाळला गेला. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली. पहिले रोबो भट्टीच्या इमारतीत गेले ते १७ एप्रिलला, आणि तेही जपानी नव्हते. बॉम्ब तपासण्यासारख्या लष्करी कामांसाठी बनवलेले अमेरिकी पॅकबॉट होते. मधले पाच आठवडे आत माणसंच जात होती. २४ मार्चला तिसऱ्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीत तीन कामगार विजेची केबल टाकत होते. खाली पाणी साचलेलं होतं. दोघांच्या पायांत आखूड बूट होते, ते पाणी बुटांत शिरलं आणि ते अतोनात किरणोत्सारी होतं. त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं.

पुढे जपानी संशोधकांनी क्विन्स नावाचा बचावकार्याचा रोबो तिथल्यासाठी बदलून घेतला. तिथली अडचण समजून घेण्यासारखी आहे. भट्टीच्या भिंती इतक्या जाड की रेडिओ लहरी पार होत नाहीत, म्हणून रोबोला केबल लावावी लागते. केबल आली की ती प्रत्येक कोपऱ्यावर घासणार, पाइपांत गुंतणार. त्यात आत नक्की काय आहे याची माहिती अर्धवट. पहिल्या फेरीत क्विन्सला जिना उतरता आला नाही, कारण जिन्याचा मधला टप्पा सांगितल्यापेक्षा अरुंद निघाला. ऑक्टोबर २०११ मध्ये दुसऱ्या भट्टीत त्याची केबल तुटली आणि तो आतच राहिला. २०१५ मध्ये आकार बदलू शकणारा एक रोबो पहिल्या भट्टीच्या आवरणात गेला, काही मीटर जाऊन अडकला आणि सोडून द्यावा लागला. २०१७च्या फेब्रुवारीत दुसऱ्या भट्टीत विंचवासारखा शेपटी उचलणारा रोबो तसाच सोडावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये पाण्यात पोहणारा एक छोटासा रोबो तिसऱ्या भट्टीत उतरला आणि वितळलेलं इंधन असावं असे गोळे त्याने पहिल्यांदा दाखवले.

किरणोत्सर्गात यंत्र कसं मरतं तेही पाहायला हवं. कॅमेऱ्याच्या चित्रावर आधी पांढरे ठिपके येतात, ते वाढत जातात, मग चित्रच जातं. अर्धवाहकांच्या चकतीत, म्हणजे चिपमध्ये, विद्युतभार साठत जातो आणि चालू-बंद यातला फरक पुसला जातो. शिशाचं कवच घालावं तर वजन वाढतं, वजन वाढलं की जिना चढवत नाही. म्हणून अशा जागी साधं, कमी इलेक्ट्रॉनिक्सचं यंत्र कितीदा तरी हुशार यंत्रापेक्षा जास्त टिकतं. मोटार आत आणि मेंदू बाहेर, अशी रचना तिथे बरी पडते.

दुसऱ्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला कण बाहेर आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. वजन सुमारे ०.७ ग्रॅम. तिन्ही भट्ट्यांत मिळून असं इंधन ८८० टन असल्याचा अंदाज आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये केलेला प्रयत्न सुरू होण्याआधीच थांबला होता. यंत्र आत ढकलणारे पाइप चुकीच्या क्रमाने लावले गेले होते. जाड संरक्षक पोशाखात, तोंडाला मास्क लावून, घाईत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांनी ते लावले होते आणि कंपनीच्या माणसांनी तिथे जाऊन क्रम तपासला नव्हता. रोबो आला म्हणजे माणूस गेला असं होत नाही, हे यातून दिसतं. यंत्राला दारापर्यंत आणणारी माणसं दाराशी उभी असतातच. त्यांचीही सुरक्षा, त्यांच्यावरची देखरेख, त्यांचा विश्रांतीचा वेळ हा रोबोच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

या सगळ्या अपयशांच्या यादीकडे बोट दाखवून रोबो कुचकामी ठरले असं म्हणणारे भेटतात. मी तीच यादी रोबोंच्या बाजूने मांडेन. एकामागून एक यंत्रं आत गेली, अडकली, मेली. प्रत्येक वेळी थोडं छायाचित्रण हाती आलं, किरणोत्सर्गाची मोजदाद मिळाली आणि पुढचं यंत्र त्यावरून सुधारलं. क्विन्स अजून आत आहे की नाही, या विचाराने कुणाच्या घरी रात्र जागून काढावी लागली नाही. चुकत-माकत शिकायची मुभा अशा जागी यंत्रांमुळेच मिळते.

आता पैशाचं बोलू. यंत्र महाग, म्हणून माणूस, हा हिशेब ज्या क्षेत्रात मोडला गेला ते क्षेत्र म्हणजे बॉम्ब निकामी करणं. उत्तर आयर्लंडमध्ये गाड्यांत पेरलेले बॉम्ब हाताळताना ब्रिटिश लष्कराचे तंत्रज्ञ मरत होते. १९७२ साली पीटर मिलर या लष्करी अधिकाऱ्याने बागकामाच्या विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा घेऊन त्यावर दुरून चालवायची सोय केली. सुरुवातीला काम एवढंच होतं की संशयित गाडीला आकडा लावायचा, म्हणजे ती दुरून ओढता येईल. त्यातून व्हीलबॅरो हा रोबो तयार झाला आणि पुढे जगभरच्या बॉम्बशोधक पथकांनी तो वापरला. त्यात कुठलं मोठं विज्ञान नव्हतं. मोटार, दोरी, आकडा आणि निकड होती. मरणारा माणूस प्रशिक्षित होता, गणवेशात होता, त्याच्या मृत्यूचं उत्तर वरिष्ठांना द्यावं लागत होतं, म्हणून यंत्र काही महिन्यांत उभं राहिलं.

हीच निकड मैल्याच्या टाक्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, धान्याची कोठारं, जहाजांचे तळ, रसायनांची पिंपं साफ करणाऱ्यांच्या बाबतीत का दिसत नाही? काम कठीण आहे म्हणून म्हणावं, तर वितळलेल्या अणुभट्टीच्या मानाने मॅनहोल ही रोबोसाठी फारच सोपी जागा आहे. खोली मोजता येण्याजोगी, वरून उघडी, किरणोत्सर्ग नाही.

तिथे माणूस कसा मरतो ते नीट पाहू. साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो; प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. म्हणजे धोका वाढतो त्याच क्षणी इशारा बंद होतो. झाकण उघडून वरून हवा तपासली तरी पुरत नाही, कारण गाळात अडकलेला वायू पाय पडल्यावर, फावडं लागल्यावर सुटतो. उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो. वर दोर धरून उभा असलेला साथीदार त्याला पडलेला पाहतो आणि विचार न करता खाली उतरतो. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली काढलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. हा आकडा वाचल्यावर, कामगारांना नियम पाळायला शिकवा, एवढा सल्ला मला अपुरा वाटतो. मित्र डोळ्यांसमोर मरत असताना कुठलाही नियम हात धरून ठेवू शकत नाही. खाली कुणी उतरलंच नाही तरच ही साखळी तुटते.

आणि हे करणारी यंत्रं आहेत. २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये तरुण अभियंत्यांनी बनवलेला बँडिकूट मॅनहोलवर उभा राहतो, त्याचा हात आत जातो, कॅमेरा आणि वायुमापक खालची स्थिती दाखवतात आणि गाळ बादलीतून वर येतो. चालवणारा माणूस रस्त्यावर, पडद्यासमोर.

मग माणसं का उतरतात? भारतातल्या २०१३च्या कायद्याचं उदाहरण घेतो. गटार किंवा मैल्याच्या टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला त्याने मनाई केली. पण धोकादायक सफाई कशाला म्हणायचं? मालकाने संरक्षक साधनं न देता, सुरक्षेची काळजी न घेता हाताने करवून घेतलेली सफाई. त्यामुळे साधनं दिली होती असं कागदावर दाखवलं की वाट मोकळी होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ते योग्यच झालं. पण भरपाईचा कायदा माणूस मेल्यावर बोलू लागतो. तो उतरण्याआधी कुणाला काही विचारत नाही.

आधी विचारणारा कायदा आहे, आणि तो नवा नाही. ब्रिटनच्या १९९७च्या बंदिस्त जागांविषयीच्या नियमांत चौथं कलम असं सांगतं की आत न शिरता ते काम करणं व्यवहार्य असेल, तर कुणीही कामासाठी बंदिस्त जागेत शिरू नये. मला हवा असलेला उलटा क्रम इथे बीजरूपात आहे. हातमोजे, मास्क, दोर, वायुमापक हे सगळं नंतर येतं. पहिला प्रश्न, आत जायलाच हवं का?

इथेही एक पळवाट राहते ती व्यवहार्य या शब्दाआड. किती खर्च केला म्हणजे व्यवहार्य? १९४९ साली ब्रिटनच्या अपील न्यायालयापुढे एका कोळसा खाणीतल्या मृत्यूचा खटला आला होता. खाणीतल्या वाटेची कड कोसळून एक कामगार मेला होता. न्यायालयाने तेव्हा घालून दिलेलं माप आजही वापरलं जातं. एका पारड्यात धोका ठेवायचा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. दुसरं पारडं पहिल्याच्या मानाने प्रमाणाबाहेर जड असेल तरच मालकाची सुटका. थोडं जड असून भागत नाही. हे माप मला न्याय्य वाटतं, पण एका अटीवर. यंत्राची किंमत एका कामाच्या अंगावर टाकून मोजायची नाही. तोच रोबो शेकडो वेळा उतरणार असतो. एका फेरीच्या मजुरीशी पूर्ण यंत्राची किंमत तोलली की यंत्र दर वेळी हरतं, आणि ठेकेदार नेमका असाच हिशेब दाखवतो.

कामगार स्वतःच तयार होता, त्याला जास्त पैसे दिले होते, असंही सांगितलं जातं. उत्तर समुद्रातल्या तेलक्षेत्रात १९६५ ते १९९० या काळात खोल पाण्यात बुडी मारून काम केलेल्या माणसांचं, पाणबुड्यांचं, प्रकरण याला उत्तर देतं. त्यांना उत्तम मोबदला मिळत होता. पण पाण्याखालून वर येताना शरीराला किती वेळ द्यायचा याची कोष्टकं कंपन्या गुलदस्त्यात ठेवत, आणि वेळ वाचवणं त्यांच्या फायद्याचं होतं. कित्येकांना कायमचं अपंगत्व आलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली नॉर्वे सरकारला दोषी धरलं, कारण या पाणबुड्यांना स्वतःच्या जिवाला असलेला धोका जोखता येईल अशी माहिती मिळेल याची काळजी सरकारने घेतली नव्हती. माहितीशिवाय दिलेली संमती ही संमती नव्हे. आणि माहिती असूनही घरी चूल पेटायची म्हणून दिलेली संमती मी तरी पुरेशी मानणार नाही.

यंत्रं ऐन वेळी दगा देतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. १९ नोव्हेंबर २०१० ला न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत स्फोट झाला. दोघे जण बाहेर आले, २९ माणसं आत राहिली. मिथेन भरलेल्या बोगद्यात बचाव पथक पाठवता येत नव्हतं. लष्कराचा बॉम्बशोधक रोबो आत सोडला, तो साडेपाचशे मीटरच्या आसपास गेला आणि पाण्याने बंद पडला. २४ तारखेला दुसरा स्फोट झाला आणि आशा संपली. तो रोबो मुळात ओल्या, स्फोटक वायूच्या खाणीसाठी बनवलेलाच नव्हता. खाणीत चालणाऱ्या यंत्राला पाणी सोसावं लागतं आणि त्याच्या मोटारीतून ठिणगी बाहेर पडता कामा नये. असं यंत्र कुठलीही एकटी खाण विकत घेऊन ठेवणार नाही, कारण तिच्या ताळेबंदात ते कित्येक वर्षं धूळ खात पडलेलं दिसेल. म्हणून ते अग्निशमन दलासारखं सामायिक असायला हवं. सगळ्या खाणींकडून वर्गणी, एका ठिकाणी देखभाल आणि दर काही महिन्यांनी खऱ्याखुऱ्या बोगद्यात सराव. सराव नसलेला रोबो म्हणजे गोदामातलं लोखंड. तोकाईमुरानंतर जपानने जे गमावलं ते यंत्रांइतकंच ती यंत्रं चालवत राहणारी माणसंही होती.

आणि काही कामं आजही यंत्राला जमत नाहीत. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला गढूळ पाण्यातून, चिंचोळ्या फटींतून माणसांनीच बाहेर काढलं. त्या कामात थायलंडच्या नौदलाचा एक माजी पाणबुड्या मरण पावला. २०२३ साली उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. परदेशी बनावटीचं, भोक पाडत पुढे सरकणारं अवजड ऑगर यंत्र ढिगाऱ्यातल्या लोखंडी सळ्यांत मोडून पडलं. शेवटचे दहा-बारा मीटर अरुंद पाइपमध्ये आडवं होऊन, हाताने माती-दगड खरवडून उंदराच्या बिळासारखी वाट काढणाऱ्या खाणकामगारांनी पार केले. कोळसा काढण्याच्या त्याच पद्धतीवर हरित लवादाने २०१४ साली मेघालयात बंदी घातली होती, आणि ती बंदी योग्य होती.

हे दोन प्रसंग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात असं मला वाटत नाही. दोन्हीकडे यंत्राचे पर्याय तपासले गेले, ते का चालत नाहीत हे सगळ्यांना दिसलं आणि मग माणूस आत गेला. सिलक्यारात तर ढिगाऱ्याचा प्रत्येक मीटर सगळा देश पाहत होता. माझी मागणी एवढीच आहे की हे कॅमेऱ्यासमोर जसं झालं तसं कॅमेरा नसतानाही व्हावं. आणि अशी दुर्मीळ कौशल्यं असलेल्या माणसांना एरवी रोजंदारीवर न राबवता त्यांची नोंद ठेवावी, त्यांना तज्ज्ञाचा पगार आणि तज्ज्ञाचा विमा द्यावा.

रोबोंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवं. यंत्र हाताशी आलं की आपण जास्त धोकादायक जागी हात घालू लागतो. मेक्सिकोच्या आखातात सुमारे १,५०० मीटर खोल समुद्रतळावर तेलाची विहीर खणली गेली, कारण तिथे पाण्याखालचे रोबो काम करू शकत होते. पाणबुड्या माणूस तिथे जाऊच शकत नाही. २० एप्रिल २०१० ला ती खणणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या फलाटावर स्फोट होऊन ११ जण मेले. विहिरीच्या तोंडावरची झडप रोबोंनी बंद करायचा प्रयत्न केला, ती बंद झाली नाही. तेलाचा लोट थांबायला ८७ दिवस लागले. रोबोंनी पुढे विहीर बंद करायला मोलाची मदत केली हे खरं, पण तिथे खणायचं धाडसही त्यांच्याच भरवशावर केलं होतं. जिथे बिघाड दुरुस्त करण्याची तयारी आणि सराव झालेला नाही तिथे फक्त यंत्र पोचतं म्हणून काम सुरू करू नये, ही अट परवान्यातच असली पाहिजे. २०१६ साली डॅलसच्या पोलिसांनी बॉम्बशोधक रोबोवर स्फोटकं लादून एका बंदूकधाऱ्याला ठार केलं, तेही या संदर्भात मला अस्वस्थ करतं. त्या माणसाने पाच पोलिसांना मारलं होतं, आणि पोलिसांचा जीव वाचवायचा होता हे मान्य. तरी जीव वाचवायला घेतलेलं यंत्र जीव घ्यायला वापरायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, आधी ठरलेली आणि जाहीर हवी.

उरतो तो पोटापाण्याचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गटारात, टाकीत, खाणीत उतरणाऱ्याचं काम यंत्राने घेतलं की त्या माणसाचं काय? धोक्यातून सुटला, असं म्हणून त्याला घरी पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाचं रक्षण त्याच्याच रोजगारातून वसूल करणं. पुष्कळ ठिकाणी होतं असं की यंत्र येतं, ते चालवायला पदविका घेतलेला नवा मुलगा येतो आणि वर्षानुवर्षं आत उतरलेला माणूस बाजूला उभा राहतो. खरं तर कुठल्या वळणावर गाळ साठतो, कुठलं झाकण अडकतं, पावसाच्या पहिल्या सरीनंतर कुठली वाहिनी तुंबते, हे त्यालाच माहीत असतं. पडद्यावरचं अंधुक चित्र पाहून समोर दगड आहे की कापडाचा बोळा, हे ओळखायला तोच जास्त लायक आहे. जॉयस्टिक धरायला काही आठवड्यांत शिकवता येतं. ती ओळख यायला वर्षं लागतात. यंत्र खरेदीच्या निविदेतच तीन अटी घालता येतील. यंत्र चालवण्याच्या जागांवर पहिला हक्क आत उतरणाऱ्या कामगारांचा, प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार, आणि नंतरचं वेतन उतरण्याच्या मजुरीपेक्षा कमी नाही. ज्या निविदेत या अटी नाहीत ती मंजूर करणाऱ्याने, त्या का नाहीत, हेही त्याच कागदावर लिहावं.